‘द एक्सपेंडेबल्स २’ : अतिरेकाचा आनंद मोकळेपणाने का घेऊ नये?

रीळवाला (धागाकर्ता)
हा २०१२चा हॉलिवूडचा मारधाडपट मला मनापासून आवडतो. असे चित्रपट ‘डोकं बाजूला ठेवून’ पाहायचे असतात, हे मात्र मला पटत नाही. गोष्ट एवढीच की नायक सिल्व्हेस्टर स्टॅलोनच्या भाडोत्री टोळीतला सगळ्यांत तरुण पोरगा मारला जातो आणि टोळी सूड घ्यायला निघते. खाणीतलं प्लुटोनियम वगैरे नावापुरतं. पण सुरुवातीलाच नेपाळमधल्या सुटकेच्या प्रसंगात चिलखती गाड्या सगळं तोडत आत घुसतात, तिथेच दिग्दर्शक सायमन वेस्ट पुढे काय वाढून ठेवलंय ते सांगून टाकतो. २०१०चा पहिला भाग स्टॅलोनने स्वतः दिग्दर्शित केला होता. तो मधूनच गंभीर व्हायला जातो आणि अडखळतो. हा अडखळत नाही.

विमानतळावर स्टॅलोन, श्वार्झनेगर आणि ब्रूस विलिस शेजारी शेजारी उभे राहून गोळ्या झाडतात. ऐंशीच्या दशकात पहिल्या दोघांमधून विस्तव जात नव्हता. तेव्हापासून हे चित्रपट पाहणाऱ्याला त्या एका फ्रेममध्ये काय दिसतं, ते वेगळं सांगायला हवं का?

चिकित्सक_७
असहमत. तुम्हाला आवडलेत ते नट, चित्रपट नव्हे. टोळीतला कुंग-फूवाला नट जेट ली पहिल्याच मोहिमेनंतर पॅराशूट घेऊन उडी मारतो तो परत येतच नाही. यू नान ही टोळीतली एकमेव बाई, पण तिच्या वाट्याला धड एक प्रसंग नाही. श्वार्झनेगर आणि विलिस एकमेकांचे गाजलेले संवाद म्हणतात, प्रेक्षक टाळ्या वाजवतात. ही जुनी पुण्याई खर्च करणं झालं, नवीन कमाई काय? आणि रक्त संगणकावर रंगवलेलं. जुन्या पद्धतीचा म्हणवणाऱ्या चित्रपटात ते फार खुपतं.

मधली_रांग
रक्ताबद्दल सहमत, बाकी नाही. नवीन कमाई म्हणजे कराटेपटांचा नट व्हॅन डॅम! पहिल्या भागातली भूमिका त्याने नाकारली होती. इथे तो खलनायक होऊन आला आणि सगळ्यांना पुरून उरला. पोराच्या छातीवर सुरी टेकवून ती लाथेने आत घुसवतो, त्या क्षणी हसू थांबतं. शेवटी बंदुका खाली ठेवून तो आणि स्टॅलोन हातघाईवर येतात. ती मारामारी अजून लांबायला हवी होती, एवढीच माझी तक्रार.

अनुराधा_क
मारधाडपट मलाही आवडतात, पण एक गोष्ट इथे यायलाच हवी. ऑक्टोबर २०११मध्ये बल्गेरियात याच चित्रपटाच्या स्फोटाच्या प्रसंगात एक स्टंटमन मरण पावला, दुसरा गंभीर जखमी झाला. ‘खरे स्फोट, खरी मजा’ असं कुणी म्हटलं की मला तेच आठवतं. संगणकावरच्या रक्ताला नावं ठेवताना याचाही विचार व्हावा.

रीळवाला
अनुराधाताई, हे लिहिलंत ते बरं केलंत. खऱ्या स्फोटांचा हट्ट मी धरणार नाही. माझा आग्रह माणसं खरी असण्याचा आहे. तेव्हा स्टॅलोन ६६ वर्षांचा होता, यातलाच दुसरा जुना नट चक नॉरिस ७२ वर्षांचा. त्यांचं जडावलेलं चालणं कॅमेरा लपवत नाही.

चिकित्सकराव, पुण्याई खर्च झाली म्हणता, पण २०१४चा तिसरा भाग बघा. तिथे नव्या पोरांची भरती केली, हिंसा सौम्य केली आणि सगळी रयाच गेली. ती सौम्यता चूक होती, हे पुढे स्टॅलोननेही मान्य केलं. आणि २०२२मध्ये विलिस आजारपणामुळे अभिनयातून निवृत्त झाला. आता ते विमानतळाचं दृश्य पाहताना माझा गळा दाटून येतो.

चिकित्सक_७
तिसऱ्या भागाबद्दल वाद नाही, विलिसबद्दल तर नाहीच. पण तिसरा वाईट निघाला म्हणून दुसरा चांगला ठरत नाही. जेट ली आणि व्हॅन डॅम एकाच चित्रपटात असून समोरासमोर येत नाहीत. अतिरेकच करायचा होता, तर ही लढत कशी सोडली?

मधली_रांग
याला मात्र माझ्याकडे उत्तर नाही. ती लढत हवीच होती.