मन नसताना पाहिलेले शहर : आपले अनुभव लिहावेत

परवा भाचीने तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराचे छायाचित्र पाठवले आणि मुलाला तेथील महाविद्यालयात सोडायला गेलो होतो तो दिवस आठवला. वसतिगृहाच्या फाटकापाशी त्याचा निरोप घेऊन झाला होता, परतीची गाडी रात्रीची होती आणि मधला वेळ लॉजच्या खोलीत पडून काढावा एवढीच माझी इच्छा होती. यजमानांना ते मान्य नव्हते. त्यांच्या आग्रहाखातर मी रिक्षात बसले.

मंदिर राजराज चोळाने बांधवले, ते १०१० मध्ये पूर्ण झाले, त्याचे विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचे शिखर, सुमारे २१६ फूट उंच आहे, हे सारे मी वाचले. पण डोळ्यांपुढे मुलाची कुलूप न लागणारी लोखंडी पेटीच होती. आवाराच्या कडेने ओवऱ्यांतून चालत असताना नैऋत्येच्या बाजूला भिंतीवर देवनागरी अक्षरे दिसली आणि मी थांबले. तंजावरचे मराठा राजे दुसरे सरफोजी यांनी १८०३ मध्ये कोरवून घेतलेला भोसले घराण्याचा इतिहास तेथे मराठीत आहे, दगडामागून दगड ओलांडत जाणारा. भाषा जुनी, शब्द एकमेकांना चिकटलेले. तरीही एकेक अक्षर लावत वाचू लागले आणि सकाळपासून दाटून आलेले रडू तेथे मोकळे झाले. यजमान काही न बोलता बाजूला उभे राहिले, याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे.

दुपारी राजवाड्यात सरफोजींविषयी अधिक कळले. लहानपणी दत्तक आलेला हा मुलगा वारसाच्या तंट्यामुळे श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली वाढला, काही काळ मद्रासेत राहून शिकला आणि पुढे गादीवर आल्यावर त्याने सरस्वती महालातील ग्रंथसंग्रह अपार वाढवला. नेत्ररुग्णांच्या डोळ्यांची चित्रे काढून ठेवलेली उपचारांची टिपणेसुद्धा त्या संग्रहात आहेत. घरापासून दूर शिकणाऱ्या मुलाची हकीकत त्या दिवशी माझ्यापर्यंत जशी पोहोचली, तशी दुसऱ्या कोणत्याही दिवशी पोहोचली नसती. ज्याचे मन नाही त्याला दहा ठिकाणे दाखवू नयेत; एकाच ठिकाणी हवा तेवढा वेळ बसू द्यावे, असे माझे ठाम मत आहे. आपणही इच्छा नसताना एखादे अनोळखी शहर पाहिले असेल, तर अवश्य लिहावे.

प्रतिसाद, सांगलीहून

ताई, आमचे वेल्लोर. तेथे कोणी हौसेने जात नाही. आम्हीही वडिलांच्या उपचारांसाठी गेलो होतो. तपासण्यांचे निकाल हाती येईपर्यंत करण्यासारखे काहीच नसते आणि एके संध्याकाळी वडिलांनीच मला खोलीबाहेर काढले, "माझ्या तोंडाकडे बघत बसू नकोस, किल्ला बघून ये आणि मला सांग," असे म्हणून. किल्ल्याभोवती पाण्याने भरलेला रुंद खंदक आहे, आत जलकंठेश्वराचे मंदिर आहे आणि त्याच्या मंडपातील खांबांवर घोडे व याळी (सिंहासारखे काल्पनिक प्राणी) असे कोरले आहेत की दगड असल्याचा विसर पडावा. टिपूच्या कुटुंबाला इंग्रजांनी याच किल्ल्यात ठेवले होते आणि १० जुलै १८०६ रोजी, म्हणजे सत्तावन्नच्या अर्धशतक आधी, येथील शिपायांनी उठाव केला. नव्या पद्धतीची टोपी, दाढी-मिशांवरचे निर्बंध आणि कपाळावरच्या गंधाला केलेली मनाई ही त्यामागची मोठी कारणे होती. परत आल्यावर हे सगळे मी वडिलांना सांगितले. त्यांनी इतके प्रश्न विचारले की उत्तरे शोधण्यासाठी मला पुन्हा किल्ल्यात जावे लागले. त्यानंतर रोज जात राहिलो. ते त्यातून बरे झाले आणि निघण्यापूर्वी चाकांच्या खुर्चीवरून त्यांनी खंदक स्वतः पाहिला.

प्रतिसाद, नाशिकहून

सांगलीकर, आपल्या वडिलांना माझा नमस्कार सांगावा. आमच्याही घरातील एकांवर तेथेच उपचार झाले. आता त्यांची प्रकृती कशी आहे?

प्रतिसाद, सांगलीहून

उत्तम आहे. रोज सकाळी फिरायला जातात. आपण आठवणीने विचारलेत, आभारी आहे.

प्रतिसाद, नागपूरहून

मला थोडे वेगळे म्हणायचे आहे. हैदराबादेत एका लग्नानंतर सगळे वऱ्हाड सालारजंग संग्रहालयात नेण्यात आले आणि गुडघ्यांच्या दुखण्यामुळे मी जाणार नाही असे स्पष्ट सांगितले, तरी कोणी ऐकले नाही. एवढ्या दालनांतून फिरणे मला शक्यच नव्हते, म्हणून मी संगीत घड्याळासमोरच्या बाकावर बसून राहिले. दर तासाला एक छोटी आकृती दार उघडून बाहेर येते, तितके ठोके देते आणि आत जाते. बाराचे ठोके पाहण्यासाठी गर्दी जमते आणि अनोळखी माणसांची लहान मुले आपल्या मांडीजवळ येऊन उभी राहतात. बेंझोनी या इटालियन शिल्पकाराने घडवलेला बुरख्यातील रिबेकेचा पुतळा मी पाहिला नाही आणि त्याची मला मुळीच खंत नाही. दमलेल्या माणसाला बसू देणे हासुद्धा पाहुणचारच आहे, हे यजमान मंडळींनी लक्षात घ्यावे.

प्रतिसाद, पुण्याहून

तंजावरला जाणाऱ्यांनी मंदिरात सकाळी लवकर किंवा चारनंतर जावे. दुपारी फरशी इतकी तापते की अनवाणी पाऊल ठेववत नाही आणि गाभाराही त्या वेळी बंद असतो. वृद्धांसाठी जाड मोजे जवळ ठेवावेत.

प्रतिसाद, बडोद्याहून

लखनऊला मी कार्यालयीन प्रशिक्षणासाठी गेलो होतो आणि सुटीच्या दिवशी सहकाऱ्यांनी बळेच बड्या इमामबाड्यात नेले. तेथील वाटाड्याने दालनाच्या एका टोकाला काडी ओढली आणि तिचा आवाज सुमारे पन्नास मीटरवर दुसऱ्या टोकाला मला स्वच्छ ऐकू आला. एवढ्या दालनाला मध्ये एकही तुळई वा खांब नाही. १७८४ च्या दुष्काळात लोकांना काम मिळावे म्हणून नवाब आसफउद्दौलाने हे बांधकाम काढले. दुष्काळी कामांवर खडी फोडलेल्या आजीच्या तोंडून मी त्या दिवसांविषयी ऐकले होते, त्यामुळे तेथील भिंतींकडे मी अगदी वेगळ्या आदराने पाहिले.

ताई, एक विचारायचे होते. दिवाळीनंतर आईला घेऊन तंजावरला जाण्याचा विचार आहे. तिला मोडी वाचता येते. तो शिलालेख मोडीत आहे का? आणि तिला फार चालवत नाही, तर जवळपास आणखी काय पाहावे?

प्रतिसाद, मूळ लेखिका

शिलालेख देवनागरीत आहे, दादा. मोडी कागदपत्रांचा मोठा साठा सरस्वती महालात आहे. आईंना चालवत नसेल तर कुंभकोणमजवळचे दारासुरम पाहावे. बाराव्या शतकातील ते ऐरावतेश्वराचे मंदिर बृहदीश्वरापेक्षा बरेच लहान आहे, कोरीव काम मात्र जवळून, निवांत पाहता येते. तंजावरहून मोटारीने सकाळी निघालात तर ऊन चढण्याआधी पाहून होईल. त्याच दिवशी आणखी काही ठरवू नये.