ग्लॉक १९ : वापरलेलं जेन ३ की नवं जेन ५?

डावखुरा_ह्यूस्टन

नमस्कार. रोज शर्टाखाली, पट्ट्याच्या आत बाळगायला ग्लॉक १९ पिस्तूल घ्यायचं नक्की केलं आहे, अडलंय ते पिढीवर (जेन म्हणजे पिढी). दुकानात एक वापरलेलं जेन ३ आहे, सोबत तीन मॅगझिन आणि कायडेक्सचं (कडक प्लास्टिकचं) होल्स्टर. शेजारीच नवं जेन ५ आहे, बरंच महाग. मी डावखुरा आहे, हात लहान आहेत. बाळगताना आकार-वजनाचा फरक जाणवतो का? जुनी मॅगझिन पुढे जेन ५ मध्ये चालतील का? आणि जुनं घ्यायचं तर दुकानातच काय तपासावं? नुसतं "नवं ते चांगलं" असं उत्तर नको. कोणते भाग बदलले आणि त्यामुळे हातात काय फरक पडतो, ते हवं आहे.

रेंजमास्तर

आकाराचा प्रश्न आधी निकालात काढू. नळी दोन्हींची १०२ मिमी, मॅगझिन १५ गोळ्यांचं, जाडी-उंची जवळपास तीच. रिकामं वजन ६०० ग्रॅमच्या आसपास, पूर्ण भरलं की साडेआठशे. कमरेला लावल्यावर कुठली पिढी आहे ते सांगता येणार नाही. फरक कळतो तो पिस्तूल मुठीत आल्यावर.

१९८८ साली ग्लॉक १९ आलं तेव्हा मूठ पुढून सरळ होती. जेन ३ मध्ये पुढे बोटांसाठी खाचा आल्या, अंगठ्याला टेकू आला आणि नळीखाली दिवा लावायची रेल आली. ऑगस्ट २०१७ मध्ये जेन ५ आलं आणि बोटांच्या खाचा पुन्हा गेल्या. माझ्या मते हा सगळ्यात मोठा सुधार आहे. खाचांमधलं अंतर एका ठरावीक पंजासाठी असतं. पंजा त्याहून लहान किंवा मोठा असेल तर बोट खाचेत न बसता मधल्या उंचवट्यावर येतं, आणि घाईत पिस्तूल उपसताना पकड दर वेळी वेगळी पडते.

लहान हातांसाठी दुसरी गोष्ट मुठीच्या पाठीची. जेन ३ ची पाठ आहे तशी स्वीकारावी लागते. जेन ४ आणि ५ ची मूळ पाठ त्याहून साधारण २ मिमी कमी आहे, आणि हवी तर वरून मधली किंवा मोठी पट्टी चढवता येते. पट्टी चढवताना ट्रिगर हाउसिंगची (ट्रिगरची यंत्रणा धरणाऱ्या मागच्या तुकड्याची) लांब पिन वापरायची. ती डब्यातच येते. तुम्ही पट्टीशिवायच सुरुवात करा. बोटाचं पहिलं पेर ट्रिगरवर सहज पोचतं का, ते बघा.

आता डावखुरेपण. जेन ३ मध्ये स्लाइड (वरचा, मागेपुढे सरकणारा भाग) अडकवणारी कळ फक्त डावीकडे, मॅगझिनचं बटणही डावीकडे. डाव्या हाताने बटण तर्जनीने दाबता येतं, काही डावखुऱ्यांना तेच जास्त सोयीचं वाटतं. कळ मात्र अंगठ्याने चालवता येत नाही, स्लाइड हाताने मागे ओढूनच सोडावी लागते. जेन ५ मध्ये ती कळ दोन्ही बाजूंना आहे. मॅगझिनचं बटण दोन्हीकडे नाही, पण एका बाजूचं काढून दुसऱ्या बाजूला बसवता येतं. मॅगझिन बसतं त्या पोकळीतून बारीक स्क्रूड्रायव्हर आत घाला, तारेची स्प्रिंग बटणाच्या खाचेतून बाजूला सारा, बटण ओढून काढा, उलट बाजूने घाला आणि तार परत खाचेत बसवा. तार नीट बसली नाही तर मॅगझिन अर्धवट अडकतं आणि पहिल्याच गोळीला खाली सरकतं, म्हणून भरलेलं मॅगझिन लावून जोरात खाली ओढून बघा.

ट्रिगरचं वजन दोन्हींत साधारण अडीच ते पावणेतीन किलो. जेन ५ चा प्रवास जास्त गुळगुळीत आहे, नळीचं तोंड आणि आतला काटही (गोळीला पीळ देणाऱ्या रेषा) सुधारलेला. पण रोजच्या बाळगण्याच्या अंतरावर नळीचा फरक कागदावर दिसत नाही, ट्रिगरचा दिसतो. जेन ३ च्या नळीत कवच नसलेल्या शिशाच्या गोळ्या अजिबात घालू नका. बहुकोनी आतल्या भागात शिसं साचतं आणि दाब वाढतो. जेन ५ मध्येही कंपनीची सूचना तीच.

सुटेभाग

वर सगळं बरोबर आहे, पण "तीन मॅगझिन सोबत" या आमिषाबद्दल सांगायला हवं. जुन्या मॅगझिनला बटणासाठी खाच एकाच बाजूला असते. तुम्ही जेन ५ चं बटण उजवीकडे नेलंत की ती मॅगझिन आत जातील पण अडकणार नाहीत. उलट बाजूने अडचण नाही, जेन ५ ची मॅगझिन जेन ३ मध्ये चालतात. दुकानातच मॅगझिन हातात घेऊन पुढच्या भागाला दोन्ही बाजूंना खाच आहे का, ते बघा. आणि ते होल्स्टर? उजव्या हाताचं असेल तर तुमच्या काहीच कामाचं नाही. म्हणजे किंमत नुसत्या पिस्तुलाची धरा.

जुनं तपासायचा क्रम. आधी मॅगझिन काढा, मगच स्लाइड मागे ओढून अडकवा, चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला, जिथे गोळी बसते) डोळ्यांनी बघा आणि करंगळी घालून चाचपा. क्रम उलटा झाला तर शेवटची गोळी चेंबरमध्ये चढते, आणि ग्लॉक उघडायला ट्रिगर दाबावाच लागतो. ग्लॉक साफ करताना गोळी सुटते ती बहुतेक याच चुकीने.

मग रिकॉइल स्प्रिंग, म्हणजे स्लाइड परत पुढे आणणारी. पिस्तूल तोंड वर करून धरा, ट्रिगर दाबून ठेवा, स्लाइड पूर्ण मागे ओढून हाताने सावकाश पुढे येऊ द्या. शेवटचे काही मिलिमीटर अडली तर स्प्रिंग थकली आहे. स्वस्त भाग आहे, यावरून सौदा मोडू नका, फक्त बदलायची तयारी ठेवा. जेन ३ ची स्प्रिंग एकेरी आहे, जेन ४ आणि ५ ची दुहेरी, एकमेकांत बसत नाहीत.

ट्रिगर दाबून तसाच धरा, स्लाइड ओढून सोडा, मग बोट हळूहळू सैल करा. "टक्" असा आवाज आणि हलका धक्का यायला हवा. ट्रिगर मागेच लोंबत राहिला तर ट्रिगर स्प्रिंग तुटली आहे. जेन ३ मध्ये ती इंग्रजी एस आकाराची, ताणावर चालणारी आहे, तिचा आकडा तुटतो. जेन ५ मध्ये ही रचनाच बदलली.

स्लाइड काढल्यावर स्ट्रायकरचा (गोळीच्या बुडावर आदळणाऱ्या सुईचा) खालचा पाय बोटाने मागे धरून हळूच पुढे सोडा. टोक समोरून बाहेर येता कामा नये, सेफ्टीचं गोल बटण दाबून पुढे ढकललं तरच यावं. फ्रेममधल्या चार पोलादी पट्ट्यांना चीर किंवा टवका नाही ना, ते उजेडात बघा. मग इजेक्टरवरचा (रिकामी पुंगळी बाहेर फेकणाऱ्या तुकड्यावरचा) नंबर वाचा. ३३६ असेल आणि पिस्तूल २०१० नंतरचं असेल, तर रिकाम्या पुंगळ्या तोंडावर येण्याची तक्रार त्याच काळातली. ३०२७४ नंबरचं इजेक्टर असलेलं हाउसिंग बसवलं की ती बहुधा थांबते.

शेवटचं आणि जास्त महत्त्वाचं : आधीच्या मालकाने आत काय घातलंय? हलकी स्ट्रायकर स्प्रिंग, घासून गुळगुळीत केलेला कनेक्टर (ट्रिगरच्या यंत्रणेतली छोटी पट्टी), बाहेरच्या कंपनीचा ट्रिगर. हलक्या स्प्रिंगने कडक प्रायमर (गोळीच्या बुडातली ठिणगी देणारी टोपी) फुटत नाही. बाळगायच्या पिस्तुलात कारखान्याचेच भाग हवेत. असं काही सापडलं तर ते भाग बदलायचा खर्च किमतीतून वजा करून मागा.

जेन ३ च्या बाजूने एक मुद्दा खरा आहे. सुट्या भागांचा सुकाळ. फ्रेममध्ये तीन पिना (जेन ५ मध्ये दोनच), सगळं घरी उघडता येतं, आणि बाजारात भागांची रेलचेल. दोन्ही पिढ्यांत समान काय? दर्शक, म्हणजे पुढचं-मागचं साइट, इकडचं तिकडे बसतं. नळी, रिकॉइल स्प्रिंग, स्ट्रायकर, ट्रिगर बार यांची अदलाबदल करायची नाही.

डावखुरा_ह्यूस्टन

मॅगझिन बघून आलो, तिन्हींना एकच खाच. होल्स्टरही उजव्या हाताचं. पुढे रेड डॉट (लाल ठिपक्याचं साइट) लावायचा विचार आहे, त्याचा हिशेब कसा?

सुटेभाग

जेन ३ ची स्लाइड कारागिराकडून कोरून घ्यावी लागते, त्याचा खर्च आणि थांबणं वेगळं. जेन ५ घेताना एमओएस (डॉटसाठी स्लाइड कारखान्यातच कोरलेलं) लिहिलेलं घ्या, त्यावर पट्ट्या बदलून डॉट बसतो. स्क्रू मात्र पट्टीसोबत दिलेलेच वापरा. उजवीकडच्या स्क्रूचं भोक एक्स्ट्रॅक्टरच्या (चेंबरमधून पुंगळी ओढणाऱ्या आकड्याच्या) दांडीच्या पोकळीत उघडतं. स्क्रू किंचित लांब झाला तर ती दांडी दाबली जाते आणि पुंगळी चेंबरमध्येच राहते. बसवल्यावर एक्स्ट्रॅक्टर बोटाने हलवून बघा, स्प्रिंगसारखा मागे यायला हवा.

परवाना_वाचा

खरेदीआधी एक गोष्ट, कारण आपल्यातले पुष्कळ जण व्हिसावर असतात. एच-१बी, एल-१, एफ-१ अशा तात्पुरत्या व्हिसावर असताना अमेरिकी संघीय कायद्याने बंदूक घेणं आणि बाळगणं दोन्ही निषिद्ध आहे. वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत. ग्रीन कार्डवर चालतं. दुकानात फॉर्म ४४७३ (बंदूक खरेदीचा संघीय अर्ज) भरताना हाच प्रश्न असतो, चुकीचं उत्तर हा स्वतंत्र गुन्हा आहे. टेक्सासात १५ गोळ्यांचं मॅगझिन चालतं. न्यू जर्सी किंवा न्यूयॉर्कला नोकरी बदललीत तर मर्यादा १० गोळ्यांची. भारतात परतताना हे पिस्तूल सोबत नेण्याचा विचार सोडा, ९ मिमी तिथे नागरिकांसाठी प्रतिबंधित बोअर आहे.

रेंजमास्तर

मग तुमच्या बाबतीत जेन ५ एमओएसच. उजव्या हाताचा माणूस असता तर मी जेन ३ घ्या आणि उरलेल्या पैशांच्या गोळ्या आणा असं सांगितलं असतं.

जेन ५ मध्ये एक खोड आहे, ती आधीच माहीत असू द्या. कळ दोन्ही बाजूंना असल्यामुळे दोन्ही हातांचे अंगठे उंच ठेवून पकड घेतली की एखादा तिच्यावर टेकतो आणि शेवटच्या गोळीनंतर स्लाइड मागे अडकत नाही. पिस्तूल बिघडलं असं समजून लोक ते परत पाठवतात. मॅगझिनमध्ये एकच गोळी घालून पाच वेळा झाडा. मग अंगठे मुद्दाम बाहेर काढून पुन्हा पाच. दुसऱ्या फेरीत स्लाइड दर वेळी अडकली तर दोष पकडीचा, अंगठा खाली आणा. दुसऱ्या फेरीतही अडकली नाही तर मॅगझिन बदलून बघा. होल्स्टर घेताना जेन ५ साठीचं डाव्या हाताचं मागा, कारण घट्ट जुन्या साच्यात ती उजवीकडची कळ घासते. आणि बाळगायला लागण्याआधी निदान २०० साध्या गोळ्या, वर ५० त्या, ज्या रोज भरून ठेवणार आहात, प्रत्येक मॅगझिनमधून थोड्याथोड्या.