कीर्तनात टिकला तर कॅमेरा घ्या

कृष्णाकाठ

मंडळी, नव्या कॅमेऱ्याची चाचणी म्हणून जे व्हिडिओ बघायला मिळतात ते सगळे एकाच साच्यातले. कॉफीचा कप, खिडकीशी बसलेली मुलगी, रात्रीचा ओला रस्ता, आणि वर 'फोकस बघा डोळ्यावर कसा चिकटलाय'. दहा मिनिटं बघायला छान वाटतं. पण पन्नास-साठ हजार घालणाऱ्या माणसाला त्यातून काही कळत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

मी वाईच्या आसपासच्या गावांतले सप्ताह, कीर्तनं, यात्रा चित्रित करतो. कॅमेऱ्याला घाम फोडणारी जागा विचाराल तर सप्त्यातलं रात्रीचं कीर्तन. एका बाजूला हॅलोजन, दुसऱ्या बाजूला एलईडीचे पट्टे, मागे विठ्ठलाच्या मखरात लुकलुकणाऱ्या माळा. बुवा अभंगाच्या चरणावर अगदी हळू बोलतात आणि पुढच्याच क्षणी मृदंग आणि पंचवीस टाळ एकदम उठतात. बुवा एका जागी उभे राहत नाहीत. त्यांच्या मागे टाळकऱ्यांची रांग, सगळे कॅमेऱ्याकडे तोंड करून. त्यामुळे चेहरा ओळखणारा फोकस मधूनच मागच्या टाळकऱ्यावर जाऊन बसतो, आणि बुवा धूसर. हे कुठल्याही चाचणीत दिसत नाही, कारण चाचणीत एकच माणूस असतो.

म्हणून माझा नियम: वस्तू घेण्याआधी भाड्याने आणायची आणि आपल्या सगळ्यात अवघड कामावर न्यायची. तिथे दोन तास टिकली तर घ्यायची. दुसरं म्हणजे पैसे आधी आवाजावर, मग फिल्टर आणि स्टँडवर, आणि बॉडीवर, म्हणजे लेन्सशिवायच्या नुसत्या कॅमेऱ्यावर, सगळ्यात शेवटी. ज्यांना पटत नाही त्यांनी कारणासकट लिहा.

लेन्सवाला_नाशिक

पटत नाही. कारणासकट लिहितो.

मी लग्नाची कामं करतो. तुम्ही म्हणता तसं 'सगळ्यात अवघड कामावर' अनोळखी यंत्र नेलं आणि अंतरपाट दूर होताना ते गरम होऊन बंद पडलं, तर नवरीच्या बापाला काय सांगू? 'चाचणी चालू होती' म्हणून? मंगलाष्टकं पुन्हा होत नाहीत. बुवांचं कीर्तनही त्या गावात त्या वर्षी एकदाच होतं, आणि सप्ताहाची वर्गणी काढणाऱ्यांनी तुम्हाला विश्वासाने बोलावलेलं असतं. लोकांचा कार्यक्रम ही आपली प्रयोगशाळा नव्हे.

भाड्याचंही ऐका. भाड्याची बॉडी शंभर हातांतून आलेली असते. आधीच्या माणसाने मेन्यूत काय बदलून ठेवलंय ते शोधण्यातच अर्धा दिवस जातो. लग्नसराईत तर चांगली बॉडी भाड्याने मिळतच नाही, जी उरते ती हाती पडते. तिच्यावरून नव्या वस्तूबद्दल मत बनवायचं हे काही खरं नाही.

आणि 'बॉडी शेवटी' हे छंदाचं गणित झालं. धंद्यात दोन कार्डांची सोय नसलेली बॉडी मी मुख्य कॅमेरा म्हणून लावणार नाही, माईक कितीही भारी असो. एक कार्ड मेलं तर लग्न मेलं. सोनीचा झेडव्ही-ई१० लोक डोळे झाकून घेतात. चित्र चांगलं आहे, नाही म्हणत नाही. पण कार्डाची खाच एकच, बॅटरी जुनी छोटी एनपी-एफडब्ल्यू५०, बॉडीत स्थिरीकरण, म्हणजे हात हलला तरी चित्र न हलण्याची सोय, नाही. हे सगळं कागदावर लिहिलेलं आहे. त्यासाठी कीर्तनाला जायची गरज काय?

मोजपट्टी

लेन्सवाल्यांच्या शेवटच्या ओळीला अनुमोदन. कृष्णाकाठ यांनी सांगितलेल्या अडचणींपैकी बऱ्याच घरबसल्या कळतात.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. सेकंदाला २५ फ्रेम आणि १/५० सेकंदाचं शटर ठेवलं की चित्रात लुकलुकीचे आडवे पट्टे दिसत नाहीत. ६० फ्रेम आणि १/१२० वर गेलात की दिसणारच, कॅमेरा पाच लाखांचा असला तरी. स्वस्त एलईडीचा मंदक (डिमर) आपल्याच वेगाने लुकलुकतो, तो मात्र समोर धरूनच बघावा लागतो. त्यालाही घरातली माळ पुरते.

कार्डाचं तर सरळ गणित आहे. सेकंदाला १०० मेगाबिटने चित्रित केलं तर तासाला ४५ जीबी. दोन तासांचं कीर्तन ९० जीबी, म्हणजे १२८ चं कार्ड पुरतं आणि ६४ चं दीड तासाच्या आतच हात वर करतं. व्ही३० कार्ड सेकंदाला किमान ३० मेगाबाइट लिहितं आणि इथे साडेबाराच लागतात, तेव्हा महाग व्ही९० घेऊन पैसे घालवू नका. तापायचं बघायचं असेल तर एप्रिलमध्ये दुपारी गच्चीवर सावलीत कॅमेरा चालू करून ठेवा. सोनीच्या मेन्यूत तापमानाची मर्यादा 'हाय' करायची सोय असते, ती केली नसेल तर तो लवकर बंद होतो आणि लोक कंपनीला शिव्या देतात.

कृष्णाकाठ

मोजपट्टी, गणित मान्य. पण तुमच्या यादीतून जे गळलंय तेच माझं म्हणणं आहे. उपरण्याला घासणारा कॉलर माईक गच्चीवर सापडत नाही. बुवा हात वर करतात तेव्हा उपरणं सरकतं आणि खर्र असा आवाज येतो, तोही नेमका निरूपणात. तो माईक अंगरख्याच्या आत, छातीच्या मधोमध चिकटपट्टीने लावायचा हे कुणी तक्त्यात लिहीत नाही.

दुसरं बिनतारी माईकचं. हे २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, आणि माणसाच्या अंगातल्या पाण्याला ती लहर फारशी भेदता येत नाही. डबीवर लिहिलेलं अंतर मोकळ्या मैदानातलं असतं. बुवांनी पाठ फिरवली, मध्ये चारशे माणसं आणि प्रत्येकाच्या खिशात फोन, की आवाज तुटायला लागतो. अशी गर्दी भाड्याने मिळते का?

तिसरं जनरेटर. मांडवातल्या साऊंडवाल्याच्या मिक्सरमधून लाईन घेतली आणि कॅमेऱ्याचा चार्जरही त्याच जनरेटरवर असला, की 'घुंऽऽ' सुरू. घरच्या सॉकेटवर हे होत नाही.

लेन्सवाले, तुमचा मुद्दा मात्र वजनदार आहे. पण मी कुठे म्हटलं की जुना कॅमेरा घरी ठेवा? जुना मधोमध लावायचा, भाड्याचा बाजूला. बुडालं तर भाडं बुडेल.

लेन्सवाला_नाशिक

हे आधी लिहायचं होतं ना! 'कामावर न्या' आणि 'कामावर बाजूला लावा' यात एका घराच्या हप्त्याचा फरक आहे. पहिलं वाक्य वाचून उद्या एखादा नवा पोरगा भाड्याचा कॅमेरा एकटाच घेऊन हळदीला जाईल.

रत्नांग्रीकर

मी शाळेत शिकवतो आणि शिमग्यात नमन, जाखडी, जमल्यास दशावतार चित्रित करतो. फोनवर. इतकी चर्चा वाचली, पण फोनचं नाव कुणी काढलं नाही याची गंमत वाटली.

आमच्याकडे नमन रात्री उशिरा सुरू होतं आणि पहाट होते. अंगणात, समोर ट्यूबलाईट. मोठा कॅमेरा लावला की संकासुराचं सोंग घेणारा कॅमेऱ्याकडे बघून नाचतो आणि गावकऱ्यांकडे पाठ करतो. फोन कुणाच्या नजरेत येत नाही. हे तुमच्या कुठल्या चाचणीत बसतं? माझ्या मते माणसं मोकळी राहतात की नाही ही पहिली चाचणी, बाकी सगळं नंतर. एक बरा माईक, एक तिपाई, झालं. ज्याला डीजेआयचा तो छोटा ऑस्मो पॉकेट ३ परवडतो त्याने तो घ्यावा, एक इंची सेन्सर आणि फिरता गिंबल (कॅमेरा स्थिर धरणारी मूठ), तळहातात मावतो. पन्नास हजारांची बॉडी, तीस हजारांची लेन्स, वर गिंबल, वर पिंजरा, वर मॉनिटर... हा कार्यक्रम टिपायला आलेला माणूस आहे की रोषणाईचा मनोरा?

मोजपट्टी

मास्तर, मुद्दा आवडला, पण दोन खड्डे दाखवतो. फोनवर चित्रण चालू असताना फोन आला की गडबड, म्हणून विमान मोड लावायलाच हवा. आणि बरेच फोन फ्रेमचा वेग थोडा इकडेतिकडे करत राहतात. आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेतला असेल तर तासाभराने ओठ आणि शब्द यांची फारकत होते. संकलनाआधी फाईल ठरावीक वेगात बदलून घ्या. स्वतंत्र कॅमेरा आणि रेकॉर्डर असले तरी दोघांची घड्याळं वेगळी असतात, लांब रेकॉर्डिंगमध्ये एखाद-दोन फ्रेम सरकतातच. सुरुवातीला आणि शेवटी, दोन्ही वेळा टाळी वाजवून ठेवा म्हणजे किती सरकलं ते कळतं.

एडिसनकर

न्यू जर्सीहून लिहितोय. आमच्या मंडळाचा गणपती आणि नाटकं मी चित्रित करतो. इथे वाद सोपा आहे. मोठ्या दुकानांत ठरावीक दिवसांत वस्तू परत करता येते. आणायची, शनिवार-रविवार वापरायची, नाही पटली तर परत. भाडं कशाला?

आणि एक तांत्रिक: इथली वीज ६० हर्ट्झची. वर सांगितलेलं १/५० इथे लावलं तर पट्टे येतात, १/६० हवं. भारतात आलो की मी कॅमेरा पालवर (५० हर्ट्झच्या देशांची २५ फ्रेमची पद्धत) टाकतो. सोनीत त्यासाठी कार्ड पुन्हा फॉरमॅट करावं लागतं, तेव्हा आधीचं उतरवून घ्या.

लेन्सवाला_नाशिक

एडिसनकर, परत करायच्या इराद्यानेच आणायचं म्हणजे दुकानदाराकडून फुकट भाड्याने घेणं. आमच्याकडे खोका फोडला की वस्तू तुमची. त्यामुळे निदान विचार करून खोका फोडतो.

एडिसनकर

पटली तर ठेवतोही हो. गिंबल ठेवला, दोन वर्षांपूर्वीचा. आता कपाटात आहे, पण ठेवला.

जुनं_रीळ

'आपलं काम हीच चाचणी' की 'आधी घरी तपासा', या वादाला आपल्याकडे शंभराहून जास्त वर्षांचा दाखला आहे. दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनला गेले, विल्यमसन कॅमेरा आणला. आणि पहिल्यांदा काय केलं? वाटाण्याचं रोप उगवताना टिपलं, थोडं थोडं करून, कितीतरी दिवस. तेच दाखवून पुढच्या चित्रपटासाठी भांडवल उभं केलं. तो चित्रपट, 'राजा हरिश्चंद्र', १९१३ ला आला.

लेन्सवाला_नाशिक

बघा! फाळक्यांनी नवा कॅमेरा घरच्या कुंडीवर तपासला, कुणाच्या लग्नात नाही.

कृष्णाकाठ

उलट आहे. फाळक्यांपुढे पहिला प्रश्न होता की हे यंत्र भांडवलदाराला थक्क करेल का. वाटाणा हीच त्यांची त्या वेळची सगळ्यात अवघड परीक्षा होती. रोज एकाच जागी, एकाच चौकटीत, हाताने फिरवायच्या कॅमेऱ्याने! त्यांनी खिडकीशी बसलेली मुलगी नाही टिपली.

जुनं_रीळ

मी दाखला दिला आणि तो दोघांनी वाटून घेतला. छान.

सायली_ट

मी नवी आहे, शिवणकामाचं चॅनल सुरू करायचंय. सगळं वाचून डोकं गरगरलं. वर 'पैसे आधी आवाजावर' असं लिहिलंय, पण माझ्या व्हिडिओत हात आणि मशीन दिसणार, मी मागून बोलणार. मग?

कृष्णाकाठ

ताई, मग माझा क्रम तुम्हाला लागू नाही. आवाज नंतर घरी शांत खोलीत, फोनवर, गोधडीखाली बसून रेकॉर्ड केलात तरी चालेल. तुम्हाला वरून बघणारा स्टँड आणि दोन बाजूंनी उजेड हवा. टाक्याची सावली टाक्यावरच पडली तर काही दिसणार नाही. काळ्या कापडावर काळा दोरा शिवून बघा, तो दिसला की तुमची व्यवस्था बरोबर. कॅमेरा आत्ता घेऊ नका.

लेन्सवाला_नाशिक

याला मात्र शंभर टक्के सहमत. आणि फोनचा फोकस बोट दाबून धरून कुलूपबंद करा, नाहीतर तो सुईऐवजी बांगड्यांवर जाईल.

मोजपट्टी

आता परत आवाजाकडे. कृष्णाकाठ, तुम्ही ३२-बिट फ्लोटबद्दल, म्हणजे अगदी हळू आणि अगदी मोठा आवाज दोन्ही न फाटता नोंदवणाऱ्या पद्धतीबद्दल, काही बोलला नाहीत. डीजेआय माईक २ या बिनतारी माईकच्या ट्रान्समीटरमध्येच (बोलणाऱ्याच्या अंगावरच्या डबीत) तशी नोंद होते, झूमचा एच१ इसेन्शिअल हा रेकॉर्डरही तेच करतो. पातळी लावायची भानगडच नाही. मृदंग उठला तरी आवाज फाटत नाही, नंतर खाली ओढता येतो. तुमची अर्धी चाचणी तिथेच संपते.

कृष्णाकाठ

नोंद फाटत नाही हे खरं, पण माईकची चकती, म्हणजे आवाज झेलणारा पडदा, तीच फाटते त्याचं काय? टाळ चकतीच्या अगदी जवळ वाजला तर आवाज आत शिरतानाच विद्रूप झालेला असतो. फ्लोट त्यानंतरचं काम करतो. शिवाय बिनतारी दुव्यातून कॅमेऱ्यात जो आवाज जातो तो फ्लोट नसतो, ट्रान्समीटरमधली फाईल वेगळी उतरवून जुळवावी लागते. हे दुकानदार सांगत नाही. वस्तू वाईट नाही, मी वापरतो. पण 'पातळीची भानगडच नाही' हे जाहिरातीचं वाक्य झालं.

लेन्सवाला_नाशिक

मिक्सरच्या लाईनबद्दल माझ्याकडून एक, कारण तिथे मी लग्नांत खूप भोगलंय. मिक्सरचा आवाज आणि कॅमेऱ्याच्या माईक-खाचेची अपेक्षा यांत ढोबळमानाने ४० डेसिबलचा फरक असतो. सरळ वायर जोडली की सगळं फाटलेलं येणार, कॅमेऱ्यात पातळी शून्याजवळ नेली तरी. मध्ये आवाज कमी करणारी वायर लावा. घरघरीसाठी अलग करणारा छोटा ट्रान्सफॉर्मर मिळतो, तो लावा. तो नसेल तर कॅमेरा जनरेटरवरून काढून बॅटरीवर चालवा, घरघर बहुतेक जाते.

आणि तरीही माझं मूळ म्हणणं तेच. पहिले तीन कार्यक्रम नवं यंत्र कडेला. मुख्य जागेवर तेच जुनं, ज्याची बटणं अंधारात सापडतात.

कृष्णाकाठ

तीन नको, एक पुरे. आमच्याकडे सप्ताह सात दिवसांचा असतो, पहिल्या दिवशी कडेला लावला तर काल्याच्या कीर्तनापर्यंत सगळं कळून चुकतं. काल्याला मांडवात वरून ऊन गाळून येतं, पांढऱ्या कापडावर सगळं पांढरं आणि बुवांचा चेहरा सावळा. तिथे एनडी फिल्टर (लेन्सवर लावायची, उजेड कमी करणारी काळसर काच) लागतो, रात्रीचा शहाणपणा चालत नाही. फिरवायचा एनडी घेतलात तर टोकापर्यंत फिरवू नका, रुंद लेन्सवर आकाशात काळी फुली उमटते.

लेन्सवाला_नाशिक

सात दिवस एकच मांडव, एकच बुजगावणं कॅमेऱ्यापुढे. मला रोज नवं कार्यालय. माझे तीनच.