सर्व्हिस लिफ्ट : नियम सामानाला की माणसाला?

कोथरूडकर (धागाकर्ता)
आमच्या सोसायटीत (नाव सांगत नाही, उद्या मलाच नोटीस यायची) गेल्या सोमवारी मुख्य लिफ्टशेजारी एक कागद लागला. जसाच्या तसा देतो : "घरकाम करणाऱ्या महिला, डिलिव्हरी बॉय, भंगारवाले व पाळीव प्राणी यांनी फक्त सर्व्हिस लिफ्ट वापरावी. आदेशावरून."

बारा मजले, दोन लिफ्ट. मंगळवारी सर्व्हिस लिफ्ट बंद पडली. आमच्याकडे येणाऱ्या मावशी नऊ मजले जिना चढून आल्या. मुख्य लिफ्ट खाली रिकामी उभी होती. पंचावन्नच्या पुढच्या आहेत, गुडघे धरलेत. दारात आल्या, भिंतीला हात टेकून जरा उभ्या राहिल्या आणि उशीर झाला म्हणून माझीच माफी मागितली.

रविवारी सभा आहे, कागद काढायचा ठराव मांडणार आहे. सिमेंटची पोती, सोफा, कुत्री यांना वेगळी लिफ्ट खुशाल ठेवा. नियम सामानाला लावा, माणसाला नको. विरोधी मतं इथंच ऐकवा, म्हणजे सभेत नवीन वाटणार नाहीत.

हिशेबनीस
घ्या मग. सहा वर्षं सेक्रेटरी होतो, त्यामुळे शिव्या खायची सवय आहे. सकाळी आठ ते साडेनऊ काय अवस्था असते ते पाहिलंय का? शाळेची मुलं, ऑफिसवाले आणि त्याच वेळी कामाच्या बायका, दूधवाला, पेपरवाला. बारा मजल्यांना दोन लिफ्ट, म्हणजे विभागणी करावीच लागते. नोटिशीची भाषा गचाळ आहे, मान्य. पाळीव प्राणी त्या ओळीत नको होते. पण व्यवस्था चूक नाही. इथं जात कुणी विचारली? उगाच अस्मितेचा प्रश्न करू नका.

रायगडी
"जात कुणी विचारली" वाचलं आणि आमचं महाड आठवलं. १९२३ साली मुंबई विधिमंडळात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव झाला, १९२४ मध्ये नगरपालिकेनं चवदार तळं कागदोपत्री सगळ्यांना खुलं केलं. प्रत्यक्षात त्या पाण्याला हात लागायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला. बाबासाहेब पाणी प्यायले, मग काहींनी शेण-गोमूत्र घालून तळं 'शुद्ध' करून घेतलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेनं आपला ठराव मागे घेतला. उच्च न्यायालयाचा निकाल आला १९३७ साली. तेव्हा कोथरूडकर, ठराव जिंकलात म्हणून घरी जाऊन झोपू नका. वॉचमनला कोण काय सांगतं त्यावर लक्ष ठेवा.

हिशेबनीस
लिफ्टची तुलना थेट चवदार तळ्याशी? तिथं पाणी नाकारलं होतं. इथं कुणाला वर जायला नाकारलंय? दुसरी लिफ्ट दिलीये, तीही चालू स्थितीतली. (मंगळवारचा अपवाद. त्या दिवशी वॉचमननं डोकं वापरायला हवं होतं.)

नीता_न्यूजर्सी
अमेरिकेत माँटगोमरीच्या बसमध्येही कृष्णवर्णीयांना बसू देत नव्हते असं नाही. मागची बाकं दिली होती, आणि गर्दी झाली की तीही सोडायची. १ डिसेंबर १९५५ ला रोझा पार्क्स उठल्या नाहीत, त्यानंतर ३८१ दिवस लोकांनी बसवर बहिष्कार टाकला. पायी चालणाऱ्यांत घरकाम करणाऱ्या बायका मोठ्या संख्येनं होत्या. गंमत म्हणजे काही गोऱ्या मालकिणी त्यांना स्वतःच्या गाडीतून आणायला-सोडायला लागल्या. घरातली कामं अडली होती ना!

हिशेबनीस
त्या बसचं तिकीट त्यांनी पूर्ण काढलं होतं हो. इथं मेंटेनन्स कोण भरतं? लिफ्ट ही सभासदांची खाजगी मालमत्ता आहे.

कोथरूडकर (धागाकर्ता)
माझा मेहुणा दर शनिवारी येतो. एक पैसा मेंटेनन्स भरत नाही. वॉचमन त्याला सलाम ठोकून मुख्य लिफ्टचं बटण दाबून देतो.

काळा_कोट
खाजगी मालमत्तेचा मुद्दा थोडा खरा आहे. घटनेच्या कलम १५(२) मध्ये दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, तलाव यांचा उल्लेख आहे, सोसायटीच्या लिफ्टचा नाही. पण कलम १७ अस्पृश्यता 'कोणत्याही स्वरूपात' पाळायला मनाई करतं आणि ते खाजगी माणसालाही लागू आहे. या नोटिशीवर ते लावायचं तर जातीशी संबंध दाखवावा लागेल, नुसत्या रागावर भागणार नाही. एक गोष्ट मात्र लोक विसरतात. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात घरकामगार स्त्रीसाठी तुमचं राहतं घर हीच कामाची जागा मानलीये. म्हणजे ती कुणाच्या घरी उपकारानं येत नाही, कामावर येते.

मधली_आळी
आमच्याकडे लिफ्टच नाही, तीन मजली जुनी इमारत. पण खिडकीत एक कानतुटका कप वेगळा ठेवलेला असतो. सासूबाई म्हणतात, "अगं, तिला तोच आवडतो." मी चार वर्षं हे खरं मानत होते. परवा तो फुटला, म्हणून आमच्यातल्या कपात चहा दिला, तर बाई उभ्यानंच प्यायल्या आणि कप घासून परत खिडकीत नेऊन ठेवला. तेव्हापासून तो नवा कप तिथंच आहे, आणि मी अजून उचललेला नाही. का ते मलाच नीट सांगता येत नाही.

चिमणी
बराच वेळ नुसती वाचत होते. माझ्या आईनं तीस वर्षं धुणी-भांडी केली, मी आता बँकेत आहे. खरं सांगू? आई लिफ्टवरून कधी रडली नाही. खाड्यावरून रडली. ताप आला म्हणून दोन दिवस गेली नाही तर दोन दिवसांचे पैसे कापले. तुम्ही चार दिवस गावाला गेलात की ते पण कापले. १९८० साली पुण्यात मोलकरणींनी संप केला, त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. त्याला पंचेचाळीस वर्षं होऊन गेली आणि अजून आठवड्याची हक्काची सुट्टी म्हटलं की तोंडं वाकडी होतात. २०११ मध्ये जिनिव्हात घरकामगारांचा आंतरराष्ट्रीय करार झाला, त्यात आठवड्याला सलग चोवीस तास विश्रांती लिहिलीये. भारतानं बाजूनं मत दिलं, पण करार अजून स्वीकारलेला नाही.

हिशेबनीस काकांना एकच. लिफ्टची वाट बघण्यात गेलेली दहा मिनिटं कुणाची? पगार कामावर असतो, तासावर नाही. चार घरांत दहा-दहा मिनिटं गेली की ती तिच्या जेवणातून जातात.

हिशेबनीस
चिमणी, हा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता. लिफ्टवर माझं मत तेच आहे. पण कापाकापीबद्दल तू म्हणतेस ते बरोबर, आमच्या घरीही होते. आज सौ.शी बोलतो.

कोथरूडकर (धागाकर्ता)
रविवारचा वृत्तांत. दीड तास भांडण, मग ठराव पास. आता कागदावर लिहिलंय : "अवजड सामान, बांधकामाचा राडारोडा व पाळीव प्राणी यांच्यासाठी सर्व्हिस लिफ्ट." आज सकाळी मी मुख्य लिफ्टचं दार धरून थांबलो, तर मावशी म्हणाल्या, "व्हा तुम्ही फुडं," आणि गेल्या डावीकडच्या लिफ्टनंच. रायगडी, तुमचं म्हणणं पटलं. भीती अजून गेलेली नाही.

चिमणी
भीतीच असेल असं नाही हो दादा. त्या लिफ्टमध्ये त्या एकमेकींशी बोलतात. कुठल्या फ्लॅटमध्ये किती देतात, कुणी किती कापले, कुठलं काम सोडावं. मुख्य लिफ्टमध्ये तुम्ही असता. बाकी, सुट्ट्यांचा विषय सभेत निघाला का?