मदत हवी आहे: पंप सुरू झाला की आर्डुइनो रिसेट होतो

नमस्कार मंडळी,

आर्डुइनो उनो या प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या बोर्डावर नुकतीच सुरुवात केली आहे. एलईडी लुकलुकवणं, पोटेन्शिओमीटर फिरवून उजेड कमीजास्त करणं, बटणावर बझर वाजवणं, इथपर्यंत गाडी नीट आली. आता कुंडीला आपोआप पाणी घालणारी जोडणी करायला घेतली आणि घोडं अडलं.

मातीतला ओलावा मोजणारा दोन दांड्यांचा सेन्सर ए० पिनवर आहे. १६ बाय २ चा एलसीडी पडदा आयटूसी पट्टीसकट (दोनच तारांवर माहिती नेणारी) ए४ आणि ए५ वर. पिन ८ वर रिले मॉड्यूल (बोर्डाच्या इशाऱ्यावर चालू-बंद होणारा स्विच), त्यातून ३ ते ६ व्होल्टवर चालणारा छोटा पंप, पाण्यात बुडवून ठेवतात तो. पिन २ वर एक बटण, मनात येईल तेव्हा पाणी सोडायला. सगळ्यांना वीज बोर्डाच्या ५ व्होल्ट पिनवरून आणि बोर्डाला लॅपटॉपच्या यूएसबीवरून.

सेन्सर हवेत धरला की १०२३ दाखवतो, कोरड्या मातीत ८२० च्या आसपास, पाणी घातल्यावर ३५०. म्हणून प्रोग्राममध्ये ६०० च्या वर पंप सुरू, खाली आला की बंद, इतकं साधं ठेवलंय.

होतं असं, की रिले टक् करतो, पंप जेमतेम घुरघुरतो आणि एलसीडीवर 'नमस्कार' उमटतं. हा शब्द फक्त सेटअपमध्ये, म्हणजे बोर्ड सुरू होताना एकदाच चालणाऱ्या भागात, छापलेला आहे. मग परत टक्, घुरघुर, नमस्कार. थांबायचं नावच नाही. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी लावली तर प्रकरण आणखी बिघडतं.

शिवाय बटण दाबलं तरी कधी कधी ढिम्म काही होत नाही, आणि कधी न दाबताच पंपाला हुक्की येते. बटण पिन २ आणि ५ व्होल्ट यांच्यामध्ये आहे, पंप ५ सेकंद चालावा म्हणून डिले (प्रोग्राम तेवढा वेळ थांबवणारी आज्ञा) वापरलाय.

दोष प्रोग्राममध्ये आहे की जोडणीत, एवढं कळलं तरी पुढचं शोधता येईल. जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

– हिरवा कोपरा

सोल्डरवाली:
'नमस्कार' पुन्हा दिसतंय म्हणजे सेटअप नव्याने चालतंय, म्हणजे चिप रिसेट होतेय. आता एकच करा. पंपाची एक तार काढा, बाकी कशालाही हात लावू नका. रिले टकटकू दे. रिसेट थांबला तर प्रोग्राम वाचत बसण्यात अर्थ नाही.

हिरवा कोपरा:
काढली. रिले व्यवस्थित चालू-बंद होतोय, नमस्कार एकदाच आलं. म्हणजे पंप खराब आहे का?

जोडणीकार:
पंप ठणठणीत आहे, त्याची भूक मोठी आहे. असा पंप चालताना १०० ते २०० मिलिअँपिअर खातो. पण सुरू होण्याच्या क्षणी मोटर फिरत नसते, तेव्हा काही काळ याच्या कितीतरी पट करंट ओढते. यूएसबीकडून साधारण ५०० मिलिअँपिअर धरून चालायचं, त्यात रिलेची कॉइल एकटीच ७० च्या घरात घेते, वर एलसीडीचा दिवा. ५ व्होल्टची लाइन क्षणभर खाली बसते. उनोवरच्या एटीमेगा ३२८पी चिपला व्होल्टेज २.७ च्या आसपास उतरलं की स्वतःला रिसेट करायची सोय असते, तिला ब्राउन-आउट म्हणतात. चिप तिचं काम चोख करतेय.

चौकोनी बॅटरीचं म्हणाल तर तिचा आतला रोध बराच असतो, मोटरसारखा भार पडला की तिचं व्होल्टेज कोसळतं. शिवाय ९ चे ५ व्होल्ट करताना बोर्डावरचा रेग्युलेटर उरलेले ४ व्होल्ट उष्णतेत घालवतो. ३०० मिलिअँपिअर ओढले तर १.२ वॉट नुसती गरमी. स्मोक अलार्मसाठी ठीक, मोटरसाठी ती बॅटरी विसरा.

पंपाला वेगळी वीज द्या. पेन्सिल सेल चार, होल्डरसकट, म्हणजे ६ व्होल्ट. सेलचा प्लस रिलेच्या कॉमनला, एनओमधून (रिले चालू झाल्यावरच कॉमनशी जोडलं जाणारं टोक) पंपाला, पंपाची दुसरी तार सेलच्या मायनसला. बोर्डाच्या ५ व्होल्टशी या फेऱ्याचा संबंध नको.

शून्यएक:
आणि सेलचा मायनस बोर्डाच्या ग्राउंडला (शून्य व्होल्टच्या पिनला) जोडायला विसरू नका.

जोडणीकार:
@शून्यएक, रिले आहे तोवर गरज नाही. त्याचे संपर्क बोर्डापासून विजेच्या दृष्टीने पूर्ण वेगळे असतात, नुसता स्विचच तो. रिले काढून ट्रान्झिस्टर किंवा मॉसफेट (त्याचाच एक प्रकार) असा इलेक्ट्रॉनिक स्विच लावला तर मात्र ग्राउंड एक करावंच लागेल, नाहीतर गेटला, म्हणजे त्याच्या नियंत्रणाच्या पायाला, मोजायला संदर्भच उरत नाही. आणि त्या वाटेने गेलात तर बीसी ५४७ हा ट्रान्झिस्टर घेऊ नका. त्याची मजल १०० मिलिअँपिअरपर्यंत, पंप सुरू होतानाच तो जायचा.

शून्यएक:
मान्य, मी मॉसफेट धरून लिहिलं होतं. पण हे चक्र थांबत का नव्हतं, ते मला वेगळंच वाटतंय. हिरवा कोपरा, तुमच्या सेटअपमध्ये ओळींचा क्रम काय आहे? आणि रिले एचआयजीएचवर (५ व्होल्ट) सुरू होतो की एलओडब्ल्यूवर (० व्होल्ट)?

हिरवा कोपरा:
एलओडब्ल्यूवर. आधी पिनमोड आउटपुट (पिन सिग्नल देणारी ठरवणं), मग एलसीडी सुरू करणं, नमस्कार, आणि शेवटी रिले बंद करायची ओळ.

शून्यएक:
मग कोडं सुटलं. पिनमोड आउटपुट केल्याबरोबर पिन आपोआप एलओडब्ल्यू होते, म्हणजे तुमचा रिले चालू. एलसीडी जागा होईपर्यंत तो तसाच चालू राहतो. रिसेट झाला की पंप सुरू, पंप सुरू की रिसेट. साप आपलीच शेपूट गिळतोय. उपाय सोपा: पिनमोडच्या आधी त्याच पिनवर डिजिटलराइटने एचआयजीएच लिहा. उलटा क्रम दिसतो खरा, पण चालतो. पिन आउटपुट होते तीच एचआयजीएच होऊन.

सेल वेगळे केलेत तरी हे कराच. नाहीतर प्रत्येक वेळी बोर्ड सुरू करताना कुंडीत घोटभर पाणी जाईल.

हिरवा कोपरा:
दोन्ही केलं, रिसेट पूर्ण बंद! मनापासून आभार. आता नवीन त्रास: पंप बंद होताना कधीतरी एलसीडीवर चौकोन आणि चित्रविचित्र अक्षरं येतात. बोर्ड चालू असतो, पडदा मात्र बिघडतो तो बिघडतोच.

सोल्डरवाली:
मोटर म्हणजे तारेची गुंडाळी. करंट अचानक तोडला की ती उलट्या दिशेने व्होल्टेजचा मोठा झटका देते, रिलेच्या संपर्कात ठिणगी पडते आणि तो गोंधळ शेजारच्या तारा पकडतात. एलसीडीला माहिती चार-चार बिट्समध्ये जाते. त्यातला एक तुकडा इकडेतिकडे झाला की पुढचं सगळं वाचन सरकतं, म्हणून अक्षरं आपोआप सुधारत नाहीत.

पंपाच्या दोन तारांमध्ये १एन ४००७ डायोड (एकाच दिशेने करंट जाऊ देणारा) लावा, पांढरी पट्टी प्लसकडे. उलटा लावलात तर सेल शॉर्ट होतील, तेवढं पाहून घ्या. सोबत १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर मोटरच्या अगदी जवळ. आणि पंपाच्या तारा एलसीडीच्या तारांसोबत एकाच गुंडाळीत बांधू नका.

जोडणीकार:
बटणाचं राहिलंच. बटण सुटं असताना पिन २ कशालाच जोडलेली नाही. अशी लोंबकळणारी पिन हवेतलं काहीही वाचते, जवळ हात नेला तरी बदलते. बटण पिन आणि ग्राउंडच्या मध्ये घ्या, पिनमोडमध्ये इनपुट पुलअप लिहा. चिपच्या आतच २० ते ५० किलोओहमचा रोध आहे, तो वापरात येतो. मग दाबल्यावर एलओडब्ल्यू आणि सुटं असताना एचआयजीएच वाचाल, त्याप्रमाणे अट उलटी करा.

बटणाची दखल न घेण्याचं कारण डिले. ते ५ सेकंद चिप दुसरं काहीच बघत नाही. पंप सुरू करताना मिलिसची (बोर्ड सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद) किंमत एका अनसाइन्ड लाँगमध्ये (मोठे आकडे मावणारा प्रकार) टिपून ठेवा आणि प्रत्येक फेरीत 'आत्ताची वजा टिपलेली' ५००० झाली का एवढंच विचारा. मिलिस साधारण ५० दिवसांनी पुन्हा शून्यावर येतो, पण वजाबाकी याच पद्धतीने ठेवली तर त्यानेही फरक पडत नाही. इंटमध्ये (छोट्या आकड्यांचा प्रकार) टिपाल तर अर्ध्या मिनिटात घोळ सुरू, कारण उनोवर इंट ३२,७६७ पर्यंतच जातो.

हिरवा कोपरा:
डायोड आणि कपॅसिटर लावल्यापासून पडदा शांत आहे. बटणही ऐकतंय. एक शेवटचं विचारतो. आकडा ६०० च्या आसपास असला की रिले सारखा टकटकतो. आणि सेन्सरच्या एका दांडीवर हिरवट काळा थर आलाय, तो का?

सोल्डरवाली:
थराचं कारण विद्युत अपघटन. ओल्या मातीतून सतत एकाच दिशेने करंट जातोय, तांबं झिजतंय. सेन्सरला ५ व्होल्टवरून काढून पिन ७ वर घ्या. वाचायचं तेव्हाच पिन एचआयजीएच, थोडं थांबून वाचन, लगेच एलओडब्ल्यू. काही मिलिअँपिअरच लागतात, पिनला २० पर्यंत चालतात. अर्ध्या तासातून एकदा वाचलं तरी माती कुठे पळून जात नाही. पुढच्या वेळी कपॅसिटिव्ह सेन्सर घ्या, त्यात उघडं तांबंच नसतं.

शून्यएक:
टकटकीसाठी एकाऐवजी दोन आकडे ठेवा. ७०० च्या वर सुरू, ४५० च्या खाली बंद, मधल्या पट्ट्यात जे चाललंय ते चालू द्या.

एक मात्र आधीच सांगून ठेवतो. सेन्सर कुंडीतून निसटला तर तो हवेतला आकडा दाखवेल आणि तुमचा प्रोग्राम माती वाळली समजून टाकी रिकामी होईपर्यंत पाणी ओतेल. १००० च्या वर वाचन आलं तर पंप चालवायचाच नाही, एलसीडीवर 'सेन्सर तपासा' छापायचं. आणि काहीही झालं तरी सलग १० सेकंदांहून जास्त पंप नको, मग दहा मिनिटं गप्प बसायचं. पाणी मुरायला वेळ लागतो, सेन्सरला ते उशिरा कळतं.