'अधिशोषण' म्हणजे शोषणच का? पायरीवरच्या पाण्यासाठी शब्द हवा

काठावरचा_अणू
मी वाशीम जिल्ह्यातल्या खेड्यातली, संशोधन धातूंच्या पृष्ठभागांवर. विज्ञान दिनाला गावच्या शाळेत मराठीतून बोलायचं होतं. फलकावर लिहिलं, 'पायरीदार धातुपृष्ठावर पाण्याच्या रेणूंचे अधिशोषण'. बाबांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि विचारलं, "पाण्याचं शोषण कोन करून रायलं, बाई?" जन्मभर कापूस पिकवलेला माणूस. शोषण म्हटलं की त्यांना व्यापाऱ्याचा काटा आठवतो. मला उत्तर देता आलं नाही.

प्रकार असा. प्लॅटिनमचा स्फटिक किंचित तिरपा कापला की अणूंच्या सपाट पट्ट्या पडतात आणि दोन पट्ट्यांमध्ये एका अणूच्या उंचीची पायरी येते. सपाटीवरच्या अणूला ९ शेजारी, पायरीच्या काठावरच्याला ७ च. शेजार कमी, म्हणून तो पाण्याला जास्त घट्ट धरतो. रेणू ऑक्सिजनच्या बाजूनं त्याच्यावर टेकतो. निर्वात पात्रात गोठवून हळूहळू तापवलं तर सपाटीवरचा थर सुमारे १७० केल्विनला, म्हणजे उणे १०३ अंशांना उडतो. काठावरचं पाणी त्याच्याही नंतर. आत काहीच जात नाही. मग याला शोषण का म्हणायचं?

कोशवेडा
उपसर्ग बघा. अधि म्हणजे वर. आत गेलं ते अवशोषण, वर राहिलं ते अधिशोषण. इतका नेमका भेद दाखवणारी जोडी मोडू नये. पोरगं परीक्षेत दुसराच शब्द लिहून आलं तर गुण कोण देणार?

शुष्कधातू
उपसर्ग ठीक आहे, अडतो तो क्रियापदाचा धातू. शुष् म्हणजे वाळणे. शुष्क त्यातलाच, घशाला पडणारा शोषही त्यातलाच. मूळ संज्ञा 'ॲडसॉर्प्शन' हाइनरिश कायझर या जर्मन शास्त्रज्ञानं १८८१ मध्ये रूढ केली, तिच्यातलं लॅटिन क्रियापद पिण्याचं, ओढून घेण्याचं आहे. आपण पिण्याचं वाळवणं केलं. धातू पाणी पीतही नाही आणि वाळवतही नाही, नुसता धरतो.

वऱ्हाडी_मास्तर
आपल्याकडे दोन्ही शब्द तयार आहेत. काळ्या मातीत पाणी *मुरतं*, ते आत जाणं. पानावर दव *बिलगतं*, ते वर राहणं. तीस वर्षं शिकवलं, 'मुरणं' आणि 'बिलगणं' म्हटलं की सातवीचं पोरगं पुन्हा विचारत नाही. माझी आई पावसाळ्यात तांब्याचा गुंड भरून ठेवायची. बाहेरून थेंब धरले की म्हणायची, "गुंडाले घाम सुटला." ते बिलगणंच.

काठावरचा_अणू
मास्तर, 'बिलगणे' मला फार आवडला. पण गुंडाचा घाम वेगळा. ते हवेतल्या वाफेचं संघनन, लाखो थर एकावर एक. मी बोलतेय त्या पहिल्या एका थराबद्दल.

बांधीवाला
भंडाऱ्याकडचा आहे. भाताच्या बांध्या, म्हणजे खाचरं बघा, तुमची सपाटी म्हणजे बांधी आणि पायरीचा काठ म्हणजे धुरा, तिच्या कडेचा बांध. पाऊस उघडला की बांधीतलं पाणी उतरतं, धुऱ्याच्या बुडाशी मात्र *थारतं*. 'थारणे' घ्या.

काठावरचा_अणू
चित्र सुंदर आहे, जागा उलटी आहे. धातूत पाणी पायरीच्या बुडाशी साचत नाही, वरच्या काठाला धरतं, म्हणजे धुऱ्याच्या माथ्यावर. म्हणूनच 'थारणे' लिहायला हात धजत नाही.

कोशवेडा
आणि धुरा म्हणजे गाडीचा कणा. शेताचा तो बांध. बोलीतले शब्द शास्त्रात आणले की असा घोळ होतो.

बांधीवाला
आमच्या चार पिढ्या शेताच्या सीमेला धुराच म्हणतात. धुऱ्यावरून भांडणं तालुक्याच्या कोर्टापर्यंत गेलीत, तिथंही कोणी त्याला गाडीचा कणा समजलं नाही.

शुष्कधातू
गाडीचा धुरा तो 'धुर्'वरून आला. शेताचा धुरा त्याच मुळाचा की वेगळा, हे बघायला हवं. जमिनीच्या जुन्या कागदांत धुरा कोणत्या अर्थानं लिहिलाय, कोणाकडे आहे का?

वऱ्हाडी_मास्तर
आजोबांची खरेदीखतं पेटीत आहेत. रविवारी गावी जातोय, काढून बघतो. पूर्वेचा धुरा, पश्चिमेचा धुरा असं लिहिलेलं डोळ्यांपुढे आहे.