मदत हवी आहे: ऊसतोडीच्या गावातल्या शाळेत आरोग्याचं काम टिकवायचं कसं?

नमस्कार मंडळी,

बीड जिल्ह्यात शिरूर कासार तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर सात वर्षं शिक्षिका आहे. पट ८४. निम्म्याहून जास्त घरं दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन कारखान्यावर जातात, ती पाडव्याच्या आसपास परततात.

तीन वर्षांपूर्वी एका संस्थेने शाळेत तंबाखू-मिश्री, पाकिटातला खाऊ, मीठ-साखर यांवर काम सुरू केलं. वजनकाटा, बीपीचं मशीन त्यांनीच दिलं. आठवड्यातून दोनदा त्यांची कार्यकर्ती यायची. गेल्या मार्चमध्ये निधी संपला, ताई यायच्या थांबल्या. तेव्हापासून मी एकटी रेटतेय, आणि यंदा माझं नाव बदलीपात्र यादीत आहे.

चौथीतली एक मुलगी आजीच्या मिश्रीमागे (बोटाने दाताला लावायची भाजलेली तंबाखू) लागली होती, ती सुटावी म्हणून. आजीने लावली नाही त्या दिवशी कॅलेंडरवर हिरवी टिकली चिकटवायची. सप्टेंबरात सलग अकरा टिकल्या झाल्या, कॅलेंडर वर्गात नाचवत आणलं होतं. एप्रिलमध्ये तोडीवरून परत आली तेव्हा तिच्याच तर्जनीचं टोक काळं. कोपीवर, म्हणजे तोडीच्या तळावरच्या झोपडीत, पहाटे उठायचं, थंडी, पोटात काही नाही. आईनेच दिली म्हणाली, "भूक मरती बाई." मी काय बोलणार होते?

जी पोरं आजी-आजोबांजवळ राहिली आणि ज्यांना हंगामी वसतिगृहाचं जेवण मिळालं, त्यांच्या सवयी बऱ्याच टिकल्या. म्हणजे नुसत्या तक्त्यांनी आणि भाषणांनी काही होत नाही, मूल गावात राहिलं आणि पोट भरलेलं असलं तरच जमतं, असं माझं मत झालंय.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा येतं, लोहाच्या आणि जंताच्या गोळ्या मिळतात, त्यांचा उपयोगही आहे. पण सवयींचं काम रोजचं. २०१६-१७ च्या पाहणीत राज्यातले २४.४ टक्के प्रौढ मिश्री, गायछाप अशी न ओढायची तंबाखू वापरणारे निघाले होते. आमच्या गावात चारातले तीन म्हणावेत. शाळेपासून १०० यार्डांत विक्री नको असं २००३ चा कायदा सांगतो, तरी समोरच्या टपरीवर पुड्यांच्या माळा लटकतात. टपरीवाला शाळा व्यवस्थापन समितीतल्या एका पालकाचा सख्खा भाऊ. भांडण न करता हे कोणी मिटवलंय का? कसं?

माझ्या हिशोबाने या कामाला वर्षाला पाच-सहा हजार रुपये पुरतील. ग्रामपंचायतीच्या आराखड्यात असा खर्च कोणी बसवून घेतला असेल तर ठराव कसा लिहिला ते सांगा. आणि साखरशाळेवर (कारखान्याजवळ तोडकऱ्यांच्या मुलांसाठी चालणारी शाळा) काम केलेलं कोणी इथे असेल तर फार बरं होईल. मुकादमाला किंवा कारखान्याला गळ घालून कोपीवरच्या पोरांना सकाळचं काही खायला मिळवून देता येतं का?

शेवटचं. पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी गावातल्याच, त्यांची बदली होत नाही. संस्थेच्या ताईंनी शिकवल्यापासून भाजीत मीठ अंदाजाने टाकत नाहीत, चमच्याने मोजतात. शनिवारी शाळेच्या ओट्यावर म्हाताऱ्यांचं बीपीही घेतात. महिना २५०० रुपये मानधनावर आणखी काम सांगायचं माझ्या जिवावर येतं. हे काम रीतसर त्यांच्याकडे देऊन वर थोडं मानधन मिळवून देण्याची वाट कोणाला माहीत आहे का? बदलीचा आदेश कधीही येईल, त्याआधी एवढं तरी मार्गी लावायचंय.